आयात केलेले चीज : आठ महिन्यांचा अनुभव आणि एका स्टिकरची कथा

गेल्या सप्टेंबरपासून आम्ही पुण्यात एका आयातदाराकडून दरमहा चीजचा डबा मागवतो. त्यात तीन प्रकारची चीज, एखादा गोड जोडपदार्थ आणि बिस्किटांचे एक पाकीट असते. सहा महिने झाल्यावर अनुभव लिहायचा असे ठरवले होते, पण मागच्या आठवड्यात आलेल्या एका फोनमुळे चीजपेक्षा त्यावरच्या स्टिकरविषयीच अधिक लिहावे लागणार आहे.

हा स्टिकर तळहाताएवढा, पांढरा असतो. आयातदाराचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, आयातीचा महिना, किंमत आणि शाकाहाराचे हिरवे चिन्ह एवढी माहिती त्यावर छापलेली असते. परदेशी वेष्टनावर असा स्टिकर लावायला कायद्याची हरकत नाही. माझी हरकत त्याच्या जागेला आहे. स्टिकरवरची शेवटची ओळ ‘वापरण्याची मुदत : मूळ वेष्टनावर पाहावी’ अशी असते आणि मूळ वेष्टनावरची मुदत नेमकी त्याच स्टिकरखाली झाकलेली असते. पहिल्या महिन्यात मी नखाने तो सोडवायला गेले, तेव्हा खालचा कागद तारखेसकट स्टिकरबरोबर निघून आला. केस वाळवायच्या यंत्राने डिंक मऊ होतो हे मला ठाऊक होते, पण आत ब्री हे मऊ फ्रेंच चीज असताना तो प्रयोग करण्याचा धीर झाला नाही.

ऑक्टोबरच्या डब्यातला स्टिकर मात्र अखंड निघाला. खाली वेष्टनाची आणि मुदतीची अशा दोन तारखा होत्या. त्यांच्यात साठ दिवसांचे अंतर होते आणि त्यांपैकी जेमतेम अकरा दिवस उरले होते. मी तक्रार केली. तीन आठवडे ईमेलची देवाणघेवाण चालली आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी मला नियम ऐकवला गेला : आयातीच्या वेळी एकूण मुदतीच्या 60 टक्के किंवा तीन महिने, यांपैकी जे कमी असेल तेवढी मुदत शिल्लक असली म्हणजे माल सोडवता येतो. नियम खराच आहे. पण साठ दिवसांच्या 60 टक्के म्हणजे छत्तीस दिवस होतात, तेव्हा किमान पंचवीस दिवस ते ब्री यांच्याच शीतगृहात पडून होते, हे मी त्यांना आकडेमोड करून दाखवले. त्याच सुमारास आणखी एक गोष्ट लक्षात आली. 22 सप्टेंबर 2025 पासून चीजवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला होता, तरी आमच्या डब्याची किंमत दिवाळी उलटेपर्यंत एका रुपयानेही हलली नव्हती. तेही मी त्याच ईमेलमध्ये लिहून टाकले.

अखेर त्यांनी चौतीस दिवसांची मुदत असलेले दुसरे ब्री विनामूल्य पाठवले. जुने टाकून देणे माझ्या स्वभावात नसल्यामुळे शेवटच्या तारखेला सकाळी आणलेला पाव भाजून आम्ही ते संपवायला बसलो होतो, आणि नवे हाती आल्यावर ते कापले. तिथे माझे मत पार बदलले. नव्याच्या मधोमध खडूसारखा पांढरा, कोरडा थर होता आणि चव थोडी आंबट, सपाट होती. जुने मात्र सुरी फिरवल्याबरोबर कडेकडून सैल झाले होते, दाट सायीसारखे पावावर पसरत होते आणि त्याला भिजलेल्या अळंब्यांचा वास येत होता. ब्रीवरची पांढरी बुरशी पृष्ठभागावरचे आम्ल खात जाते, त्यामुळे ते बाहेरून आत पिकते. म्हणजे मुदत संपत येते तेव्हाच ते आतपर्यंत मऊ झालेले असते. तीन आठवडे मी ज्याच्यासाठी भांडले होते ते कच्चे ब्री होते. त्याला मर्यादा अर्थात आहे. मुदतीनंतर चौथ्या दिवशी उरलेला तुकडा काढला, तेव्हा सासूबाईंनी दुरूनच सांगितले, “अगं, हे उतरलंय.” अमोनियाचा झोंबरा वास मलाही आला होता, पण मी कबूल केले नाही.

सासूबाई शाकाहारी असल्यामुळे हिरवे चिन्ह आमच्याकडे तारखेइतकेच काळजीपूर्वक पाहिले जाते. भारतातल्या मानकांनुसार चीज प्राणिज नसलेल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या विकराने, किंवा तशाच अन्य पदार्थाने विरजलेले असावे लागते. पार्मिजानो रेज्जानोच्या नियमांत वासराच्या पोटातले रेनेटच वापरायचे असते, त्यामुळे या डब्यात त्या जागी ‘इटालियन कठीण चीज’ अशा मोघम नावाचा तुकडा येतो. पिठल्यावर किसून घातला तर तो उत्तम लागतो, आणि मूळ पदार्थाची बरोबरी करतो असा त्याचा दावाही नाही. ब्रीही फ्रान्समधल्या मो गावच्या संरक्षित नावाचे नसते, नुसते ‘ब्री’ असते. ते नाव कोणीही वापरू शकतो. मेंढीच्या दुधाचे मांचेगो चांगले होते, पण त्याच्या गवती विणीच्या नक्षीची साल वजनात धरली जाते आणि खाता येत नाही. दोनशे ग्रॅमच्या तुकड्यात ती सव्वीस ग्रॅम भरली. जुन्या गौडामध्ये दाताखाली कुरकुरणारे पांढरे कण असतात. ते मुरण्यात तयार झालेले स्फटिक असतात, बुरशी नव्हे, याची नोंद घ्यावी. निळ्या चीजविषयी आमच्या घरात एकमत होणार नाही, म्हणून तो विषय इथेच सोडते.

जोडपदार्थांपैकी अंजिराचा जॅम साधारण होता आणि बिस्किटे महाग होती. मेथीच्या खाकऱ्यावर गौडा ठेवून खाल्ल्यापासून ती पाकिटे आम्ही पाहुण्यांसाठी राखून ठेवतो. मांचेगोबरोबर येणारा मेंब्रियो मात्र आवडला. क्विन्स या नासपतीसारख्या फळाचा गर साखरेत आटवून केलेली ही तांबूस, घट्ट वडी असते. शंभर ग्रॅमला साडेचारशे रुपये मोजताना ही चव कुठेतरी घेतली आहे असे सारखे वाटत होते. डिसेंबरात म्हापशाच्या बाजारात उत्तर मिळाले. ती पेराद होती. पोर्तुगीज घरांत क्विन्सची जी वडी होई, ती गोव्यात क्विन्स नसल्यामुळे पेरूची झाली. मांचेगोच्या खारट तुपकट चवीपुढे पेराद किंचित जास्त गोड लागते, तेव्हा काप पातळ करावेत. मेंब्रियो आम्ही डब्यातून वगळून घेतला आहे, आणि त्याचे पैसे वळते झाले, हेही प्रामाणिकपणे सांगते.

आता त्या फोनविषयी. हा आयातदार मुदत संपत आलेला माल चाळीस टक्के सवलतीने विकतो, हे मला एप्रिलमध्ये कळले. पिकलेले ब्री, आणि तेही स्वस्त, म्हणून मी लगेच दोन मागवली. दुसऱ्या दिवशी तिकडच्या मुलीचा अतिशय नम्र फोन आला. “मॅडम, तुमच्या खात्यावर कमी मुदतीचा माल पाठवू नये अशी नोंद आहे, म्हणून ऑर्डर रद्द केली आहे.” ती नोंद माझ्याच तक्रारीमुळे झाली होती आणि ती काढायची तर लेखी विनंती लागते. विनंती पाठवून सहा दिवस झाले. सवलतीच्या यादीतल्या त्या ब्रीची मुदत येत्या रविवारी संपते.