फ्रीमन कुटुंबाची १६० एकर जमीन : होमस्टेड राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान, नेब्रास्का

अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात, बिअॅट्रिस गावाच्या पश्चिमेला असलेल्या या उद्यानात, सरकारी जमिनीवर अगदी सुरुवातीला दावा नोंदवणारे शेतकरी डॅनियल फ्रीमन यांचे मूळ घर पाहायला मिळेल, या अपेक्षेने कोणी जाऊ नये. तेथे उभे असलेले ओंडक्यांचे घर १८६७ साली पामर नावाच्या दुसऱ्याच शेतकऱ्याने बांधले होते आणि नंतर ते या जागी हलवण्यात आले. त्या काळी शेतकरी कुटुंब किती अपुऱ्या जागेत संसार करत असे, हे मात्र त्यातून नेमके कळते.

फ्रीमन कुटुंबाची खरी ओळख होते ती सरकारी कागदपत्रांतून, आणि माझ्या मते येथील सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. अध्यक्ष लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी सही केलेल्या होमस्टेड कायद्याने, पाच वर्षे राहून जमीन कसण्याच्या अटीवर, किरकोळ शुल्कात १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन मिळत असे. कायदा लागू झाला त्याच दिवशी, १ जानेवारी १८६३ रोजी, फ्रीमन यांनी ब्राउनव्हिलच्या भूमी कार्यालयात दावा नोंदवला. मध्यरात्रीनंतर कारकुनाला गळ घालून त्यांनी कार्यालय उघडायला लावले, ही आख्यायिका रंजक आहे; परंतु त्याच दिवशी इतरही अनेकांनी दावे नोंदवले होते, त्यामुळे ‘पहिला होमस्टेडर’ (या कायद्याने जमीन घेणारा पहिला माणूस) हे बिरूद थोडे जपूनच घ्यावे. त्यापेक्षा पाच वर्षांनंतर सादर केलेला पुरावा कितीतरी बोलका आहे : १४ बाय २० फुटांचे, दोन दारे-खिडक्यांचे घर, लागवडीखाली आणलेली सुमारे ३५ एकर जमीन, तबेला, १०० फूट लांबीचा मेंढवाडा, मक्याचे कोठार, सफरचंदाची ४० आणि पीचची सुमारे ४०० झाडे.

फ्रीमन यांच्या पत्नी अॅग्नेस यांची हकिकत याहून हृद्य आहे. त्यांचा विवाह डॅनियल यांच्या भावाशी ठरला होता. तो यादवी युद्धात मरण पावल्यावर डॅनियल यांनी पत्रव्यवहारातून त्यांना मागणी घातली आणि १८६५ साली त्या दोघांचे लग्न झाले. डॅनियल १९०८ साली वारले, अॅग्नेस १९३१ पर्यंत जगल्या, आणि दोघांनाही याच जमिनीत मूठमाती देण्यात आली.

जवळच्या फ्रीमन शाळेची विटांची इमारत चुकवू नये. तेथील शिक्षिका वर्गात बायबल वाचून घेते, यावर आक्षेप घेऊन फ्रीमन न्यायालयात गेले आणि १९०२ साली नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. जमिनीच्या हक्कासाठी पहाटेची वाट न पाहणारा हा माणूस म्हातारपणीही तेवढाच हट्टी होता, असे म्हणायला हरकत नाही.

या सगळ्या मुलखात आधी ओटो-मिसुरिया या मूळनिवासी लोकांची वस्ती होती, हे ध्यानात ठेवल्याशिवाय ‘मोफत जमीन’ या शब्दांचा अर्थ पुरता लागत नाही.

आपल्या पूर्वजांचा शोध घेणाऱ्यांना या भेटीचा विशेष उपयोग होईल, कारण अशा प्रत्येक दाव्याची धारिका वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जपलेली असते आणि तीत साक्षीदारांचे जबाबही सापडतात. उद्यानात प्रवेश विनामूल्य आहे. २००७ साली उघडलेले वारसा केंद्र आधी पाहून मगच उंच गवताच्या माळावरील पायवाटेने निघावे.