पूररेषेतल्या घरात वरच्या मजल्यावर नेलेले मॉड्युलर स्वयंपाकघर : वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

कोल्हापुरात शुक्रवार पेठ, गंगावेश, दुधाळी या नदीकडच्या भागांत ज्यांची जुनी घरे आहेत, त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी सध्या एकच चर्चा चालू असते. तळमजल्यावरचे स्वयंपाकघर वर न्यायचे का, आणि न्यायचेच तर मॉड्युलर करायचे का? आम्ही दोन्ही केले. काम गौरी-गणपतीच्या आधी पूर्ण झाले. त्यानंतर दिवाळीचा फराळ, उन्हाळ्यातली वर्षाची चटणी, पाहुण्यांसाठी केलेले तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचे बेत आणि आता पुन्हा पावसाळा, एवढे सगळे त्या ओट्याने पाहिल्यावर हे लिहीत आहे. पहिल्याच महिन्यात लिहायला बसले असते, तर लॅमिनेटचा रंग आणि आवाज न करता मिटणारे ड्रॉवर यांपलीकडे लिहिण्यासारखे फारसे काही नसते. वर्षभर वापरल्यावर मात्र मला ठामपणे असे वाटते की, घर नवे झाले तरी घरातल्यांचे हात जुन्या सवयीनेच चालतात, आणि त्या सवयींना नव्या आराखड्यात जागा मिळाली आहे की नाही यावरच स्वयंपाकघर सोयीचे ठरते किंवा गैरसोयीचे.

वर जाण्याचे कारण पूर हेच होते. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट मानली जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये, दोन्ही वेळा, पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले. आमच्या माजघरात दोन्ही वेळा चिखल झाला. धान्याची कोठी, सासूबाईंचे सागवानी फडताळ आणि खालची लाकडी मांडणी यांपैकी दुसऱ्या पुरानंतर काहीच वापरण्याजोगे उरले नाही. त्यामुळे वरच्या ११ बाय १३ फुटांच्या खोलीत समोरासमोर दोन ओटे, बांधणीला आयएस ७१० दर्जाचे म्हणजे उकळत्या पाण्याच्या कसोटीला उतरलेले प्लायवूड, वर काळा ग्रॅनाइट, चार बर्नरचा हॉब म्हणजे ओट्यातच बसवलेली शेगडी, चिमणी आणि एक उंच कपाट अशी रचना ठरली. गवंडीकाम आणि नळजोडणी वगळता खर्च साडेपाच लाखांच्या आसपास आला. बांधणीबद्दल माझी काहीही तक्रार नाही. आमच्या दमट हवेत, सिंकखाली वर्षभर ओल राहूनही कुठे प्लाय फुगलेले नाही. या ठिकाणी एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्या, वापरून पैसे वाचवावेत असे मी कोणालाही सुचवणार नाही.

सर्वांत मोठा प्रश्न उभा राहिला तो भाकरीचा. ओट्याची उंची ३४ इंच ठेवली होती आणि भाजी चिरायला, फोडणी द्यायला, भांडी विसळायला ती उत्तम आहे. उभ्याने करायच्या कामासाठी ओटा कोपरापासून चार ते सहा इंच खाली असावा, हा सर्वसाधारण हिशेबही त्यात बसतो. मात्र भाकरी हे जोराचे काम आहे. ज्वारीचे पीठ गरम पाण्यात भिजवले की तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने ते काठवटीत रगडून रगडून एकजीव करावे लागते, आणि ते नीट झाले नाही तर थापताना भाकरीच्या कडा फाटतात. जमिनीवर बसले की काठवट गुडघ्याशी येते, खांद्यांचे वजन सरळ पिठावर पडते आणि पीठ मऊ होते. ३४ इंचांच्या ओट्यावर काठवट ठेवली की हात वर उचलले जातात, वजन पिठापर्यंत पोहोचतच नाही आणि सगळा ताण मानेवर येतो. सासूबाईंची उंची पाच फुटांना थोडी कमी. पन्नास वर्षांहून अधिक काळ त्या रोज भाकरी करत आल्या आहेत, आणि नव्या ओट्यावर पहिल्या आठवड्यात त्यांच्या भाकरीच्या कडा चिरायला लागल्या. त्या म्हणाल्या, "पीठ बी तेच, पाणी बी तेच, पण बसल्याबिगर हाताला जोर येत न्हाई बघ." गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी त्यांना खाली बसण्यास मनाई केलेली आहे, तरीही त्या पाट घेऊन खाली बसू लागल्या.

शेवटी हॉबच्या डाव्या अंगाचे एक कपाट काढून टाकले आणि तिथे तीन फूट लांबीचा, २८ इंच उंचीचा ग्रॅनाइटचा तुकडा बसवून घेतला. उभे राहून त्यावर वाकता येते, खांद्याचा जोर पिठावर येतो, आणि तवा तापेपर्यंत टेकायला बाजूला एक उंच स्टूल आहे. या दुरुस्तीचा खर्च एका चांगल्या ड्रॉवरच्या किमतीपेक्षा कमी झाला आणि उपयोग सगळ्या स्वयंपाकघरात सर्वाधिक. ज्यांच्या घरी रोज भाकरी होते त्यांनी पहिल्याच आराखड्यात हा कमी उंचीचा भाग मागून घ्यावा. आमच्या भागातल्या कोणत्याही नमुना-दालनात मला तो दिसलेला नाही, याचे आश्चर्य वाटते, कारण त्या दालनात येणाऱ्या बहुतेक घरांत भाकरीच खाल्ली जाते.

बसून काम करण्याची ही सोय आराखड्यातून का सुटते, याचा थोडा शोध घेतला. आजच्या बांधीव स्वयंपाकघराचे मूळ १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार स्त्रीने फ्रँकफर्टमधील कामगार वसाहतींसाठी तयार केलेल्या रचनेत आहे. सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब अशी ती जागा एका बाईने एकटीने, कमीत कमी पावले टाकून काम उरकावे या विचाराने आखलेली होती, आणि आगगाडीच्या भोजनडब्यातले स्वयंपाकघर तिच्या डोळ्यांसमोर होते. त्या मूळ रचनेतही बसून काम करण्यासाठी फिरते स्टूल आणि खिडकीसमोर टेबल होते. म्हणजे बसण्याची सोय पहिल्यापासून होती. आपल्यापर्यंत येताना ती गळाली आणि सलग उभा ओटा तेवढा राहिला. शिवाय आमच्याकडे सणाच्या दिवशी एकटी बाई स्वयंपाक करतच नाही. एक जण पुरण वाटते, एक जण कढईपाशी उभी असते, एक जण खाली बसून नारळ खोवते, आणि बोलणे अखंड चालू असते.

नारळावरून विळी आलीच. मी सुरीने चिरते, माझी मुलगीही सुरीने चिरते, पण पांढऱ्या रश्श्यासाठी नारळ खोवायचा झाला की मीसुद्धा विळी घेऊन फरशीवर बसते, कारण इतक्या वेगाने आणि इतके बारीक खोबरे दुसऱ्या कशानेच निघत नाही. दोन ओट्यांमधले अंतर चार फूट आहे. दोन माणसे पाठीला पाठ लावून उभी राहण्यासाठी ते पुरेसे असते, मात्र मध्ये कोणी विळीवर बसले की मागून गरम पातेले घेऊन जाणे धोक्याचे होते. आम्ही आता बाल्कनीच्या दाराशी, येण्या-जाण्याच्या वाटेबाहेर, खडबडीत फरशीचा एक चौकोन विळी-पाटासाठी मोकळा ठेवला आहे. खोली मोठी असेल तर मधले अंतर पाच फूट ठेवावे. त्यासाठी एका ओट्याची रुंदी थोडी कमी झाली तरी चालेल.

साठवणीच्या बाबतीत ड्रॉवरना पूर्ण गुण द्यावे लागतील. ज्वारीच्या पिठाचा भरलेला डबा ओढताना पूर्वी वाकून, हात आत घालून, पुढचे चार डबे बाहेर काढावे लागत; आता ड्रॉवर पूर्ण बाहेर येतो आणि वरून सगळे दिसते. सासूबाईंच्या पाठीला यामुळे खरोखर आराम मिळाला. कोपऱ्यातले फिरते कप्पे मात्र निरुपयोगी ठरले. त्यांत आमची परात मावत नाही, लहान डबे मागे घसरतात, आणि त्यांची किंमत पाहता तिथे साधी फळी हजारपटींनी बरी होती. उंच कपाटाचीही तीच गत होती. त्याच्या जाळीच्या कप्प्यांची उंची बाजारातल्या पाकिटांना आणि प्लास्टिकच्या बरण्यांना धरून ठरवलेली आहे, आणि आमच्या घरी तर अजून वर्षाची बेगमी होते. चैत्रात संकेश्वरी, ब्याडगी आणि लवंगी मिरची वाळवून, कांदा-खोबरे-लसूण भाजून, सगळे डंकावर नेऊन कुटून आणले की ती चटणी चिनी मातीच्या उंच बरण्यांत, वर हिंगाचा खडा ठेवून, वर्षभरासाठी भरली जाते. या बरण्या पंधरा इंच उंचीच्या आहेत. मधला एक कप्पा काढल्यावर त्या बसल्या. आजऱ्याच्या घनसाळ तांदळाची कोठी त्या कपाटात बसणे शक्यच नव्हते. ती वरच्याच मजल्यावर शेजारच्या खोलीत ठेवली. आता पोती कमी आणा, लागेल तसे विकत घ्या, असे सांगणारे खूप भेटतात. ज्या घरासमोरच्या गल्लीतून पुराच्या दिवसांत नाव चालते, त्या घराने पावसाळ्यापूर्वी धान्य भरून ठेवणे हा मला पूर्ण शहाणपणाचा व्यवहार वाटतो.

पाण्याच्या हंड्याबद्दलही हेच म्हणावे लागेल. सजावटकाराने पाणी शुद्ध करणारे यंत्र भिंतीवर बसवले आणि हंडा-घागरीची जागा आराखड्यातून काढून टाकली. काळम्मावाडी धरणावरून आणलेल्या थेट पाइपलाइनचे पाणी २०२३ च्या दिवाळीत शहराला मिळाले, तेव्हा आता साठवण कशाला, असे आम्हालाही वाटत होते. सासूबाई मात्र रोज सकाळी तांब्याचा हंडा चिंचेने घासून भरत आणि थेट ग्रॅनाइटवर, चिरायच्या जागी, ठेवत. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत उपसा केंद्रे पाण्याखाली गेली होती आणि दारात छातीएवढे पाणी असताना शहराचे नळ मात्र कोरडे होते. ते दिवस ज्यांनी काढले त्यांचा भरलेल्या हंड्यावरचा विश्वास उगीच नाही. सिंकच्या उजव्या हाताला अठरा इंचांचा कोनाडा मोकळा करून, खाली पाणी निथळण्यासाठी उतार देऊन, हंडा तिथे ठेवल्यापासून ओटाही मोकळा झाला आणि सकाळची कुरबुरही थांबली.

चिमणीबद्दल थोडक्यात सांगायचे तर ती घ्यावीच. ताशी १२०० घनमीटर क्षमता, सहा इंची नळी आणि एकच वळण असल्यामुळे चटणीसाठी खोबरे आणि कांदा भाजतानाचा ठसका आता घरभर पसरत नाही. जुन्या सवयीने हॉबशेजारची खिडकी उघडली जाते आणि वाऱ्याने धूर चिमणीखालून बाजूला पळतो. आत येणारी हवा समोरच्या बाजूने घ्यावी, म्हणजे चिमणी नीट ओढते. गॅसच्या टाकीसाठीचे कपाटही तपासून घ्यावे. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो तळाशी साचतो, म्हणून त्या कपाटाला खालच्या बाजूने जाळी हवीच. आमच्या कपाटाला ती नव्हती आणि रेग्युलेटरपर्यंत हात पोहोचायला गुडघे टेकावे लागत. झोपण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करण्याचा घरातला जुना शिरस्ता त्यामुळे मोडणार होता. दार बदलून जाळी बसवली, टाकी पुढे घेतली.

ज्याची कोणीच कल्पना केली नव्हती अशी एक गोष्ट अशी की, स्वयंपाकघर वर गेले तरी घरची सकाळ खालीच राहिली. सासरे पहाटे गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जातात, समोर पिळलेले म्हशीचे दूध किटलीत घेऊन येतात आणि सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, बसतात. पेपर तिथे येतो, भाजीवाली तिथे थांबते, तालमीकडे निघालेली पोरे तिथे हाक मारतात. चहा वरून खाली नेण्यात सगळ्यांचीच दमछाक होऊ लागली. दिवाळीनंतर सोप्यालगतच्या जुन्या कोनाड्यात एक इंडक्शन शेगडी, चार कप आणि चहा-साखरेचे डबे ठेवले. विजेचा पॉइंट पाच फुटांवर घेतला आणि पुराचा इशारा आला की शेगडी पाच मिनिटांत वर नेता येते. पाहुण्यांना हा कोनाडा नव्या घरात विसंगत वाटतो. घरातल्या कोणालाही तसे वाटत नाही.

मुलगी गेल्या वर्षी शिक्षणासाठी पुण्याला गेली. हॉबखालचा पहिला ड्रॉवर तिच्या डब्यांसाठी आखलेला होता, आणि आजही सकाळी पोळ्या करताना माझा हात आधी तोच उघडतो. पातेलेही पाच माणसांचेच चढते. उरलेली भाजी संध्याकाळी संपवायची हे आता ठरूनच गेले आहे. तो ड्रॉवर मी तसाच ठेवला आहे, कारण सुट्टीत ती येते तेव्हा परतीच्या एसटीत न्यायचे डबे त्यातूनच भरले जातात.

काम करणाऱ्यांची सेवा बसवणी होईपर्यंत चांगली होती. नंतरच्या दुरुस्त्यांसाठी मात्र अनेकदा फोन करावे लागले आणि वर सांगितलेले बहुतेक बदल शेवटी पेठेतल्याच एका सुताराकडून आणि गवंड्याकडून करून घेतले. त्यामुळे करार करताना शेवटचा हप्ता निदान एका सणाच्या स्वयंपाकानंतर देण्याची अट घालावी, आणि कपाटांचे माप घ्यायला माणूस येईल त्या दिवशी घरातल्या सर्वांत ज्येष्ठ बाईने त्याच्यासमोर भाकरी करून दाखवावी. येत्या दसऱ्यापूर्वी कोपऱ्यातले फिरते कप्पे काढून तिथे परात आणि मोठी पातेली उभी राहतील अशी खोल फळी बसवायची आहे, एवढेच काम आमच्याकडे बाकी आहे.