उजनीतले वाळूचे खड्डे आणि फेकायचा सोनार : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मासेमारीसाठी उजनी धरणाच्या तळाशी वाळूउपशाने पडलेला खड्डा शोधायचं निम्मं काम फेकायचा सोनार, म्हणजे ध्वनी सोडून खोली मोजणारा हा गोळा करतो. उरलेलं निम्मं घरी बसून जुन्या उपग्रहचित्रांवर आणि काठावर उभं राहून शिशाच्या वजनावर होतं. डबा उघडला, गोळा पाण्यात फेकला आणि वाळू उपसणाऱ्या सक्शन बोटींनी पाडलेले खड्डे फोनवर दिसले, असं होत नाही.

गोळा क्रिकेटच्या चेंडूपेक्षा जरा लहान आहे, वजन सुमारे ९० ग्रॅम. आत जीपीएस, फोनशी जोडणी वायफायने. कागदावरची पोहोच १०० मीटर. काठावरून, थोड्या लाटा असताना ६०-७० मीटर धरून चाला. फोन छातीच्या उंचीवर स्टँडला लावला तर जोडणी टिकते, जमिनीवर ठेवला की तुटते. गळाचा दांडा किमान १२० ग्रॅम पेलणारा हवा आणि दोरी ०.३० मिमीची वेणीची. झटका देऊन फेकू नका, झोक्याने सोडा.

आता मुख्य दुखणं. यातून ध्वनी शंकूच्या आकारात खाली पसरतो. असे दोन शंकू आहेत, रुंद ५५ अंशांचा आणि अरुंद १५ अंशांचा. सुरुवातीची सेटिंग रुंदची असते आणि बहुतेक जण तिथेच फसतात. रुंद शंकूत जे सगळ्यात जवळ असेल, म्हणजे उथळ, तेच यंत्र तळ म्हणून धरतं. भोवती ६ मीटर पाणी आणि खड्ड्याचं तोंडही ६ मीटर, अशी जागा घ्या. त्या खोलीवर शंकूचा पसारा सव्वासहा मीटर होतो. गोळा खड्ड्याच्या बरोबर मधोमध असला तरी कडा शंकूत येतातच, आणि पडद्यावर दिसतो ६ मीटरचा सपाट, जरा जाडसर तळ. खड्डा गायब! अरुंद शंकूचा पसारा तिथे १.६ मीटर, त्यामुळे खड्डा दिसतो. म्हणून शोध अरुंदवरच करायचा आणि दोन फेकींमधलं अंतर तीन मीटरपेक्षा जास्त ठेवायचं नाही. गोळा सावकाश ओढा. भरभर ओढलात तर नकाशात ठिपके विरळ पडतात आणि मधली जागा अ‍ॅप अंदाजाने रंगवतं.

उलटी फसवणूकही होते. उथळ, कडक मुरमाच्या तळावरून ध्वनी दोनदा परततो आणि कधीकधी यंत्र दुसरा पडसादच खरा मानतं. दोन मीटरचे चार मीटर होतात आणि नकाशावर छान खड्डा उमटतो, जो तिथे नसतोच. आकडा अचानक बरोबर दुप्पट झाला की शिसं टाकून बघा.

शिसं ८०-८५ ग्रॅमचं. आधी माहीत असलेल्या खोलीवर ते एक, दोन, तीन असं किती मोजेपर्यंत तळाला लागतं हे बघून ठेवायचं. मग संशयित जागेच्या पलीकडे फेकायचं, तळाला टेकू द्यायचं आणि हातभर-हातभर ओढायचं. वाळूवर ते गुळगुळीत सरकतं, मुरमावर कटकट हाताला लागते, गाळात रुतून मग सुटतं. पलीकडची कड ओलांडली की दोरी एकदम सैल पडते. अलीकडच्या उतारावर येताना ओढ जड होते. ती जड जागा म्हणजे तुमची कड. तिथे दोरीला चिमटा लावा किंवा मार्करने खूण करा, कारण जीपीएसमध्ये तीन ते पाच मीटरची चूक सहज असते आणि खड्डाच मुळात तेवढा असू शकतो.

कुठे फेकायचं हे गूगल अर्थ प्रो सांगतं. जुन्या चित्रांची पट्टी उघडून २०१६, २०१९ आणि २०२४ चे उन्हाळे बघा. पाणी खाली गेल्यावर वरच्या बॅकवॉटरला जुन्या पात्रालगत गोल काळपट डबकी ओळीने उरलेली दिसतात, हेच उपशाचे खड्डे. पळसदेवचं पाण्यातलं मंदिर ज्या चित्रात उघडं आहे ते चित्र कामाचं. अगदी छोटं, रेखीव वर्तुळ दिसलं तर ती बुडालेल्या गावाची विहीर असू शकते. तिथे गळ अडकतात. धरणाजवळचा खोल भाग उन्हाळ्यातही उघडा पडत नाही, तिथे ही युक्ती चालत नाही.

खोली लिहून ठेवताना त्या दिवसाची धरणाची पातळी सोबत लिहाच. पूर्ण संचय पातळी ४९६.८३ मीटर, मृतसाठ्याची ४९१.०३. म्हणजे नुसत्या उपयुक्त साठ्यातच ५.८० मीटरचा फरक, आणि उजनी उन्हाळ्यात वजामध्ये, म्हणजे मृतसाठ्याच्याही खाली जाते ते वेगळंच. पातळी ४९५.५० आणि सोनारवर ९.२ मीटर असेल, तर तळ ४८६.३० वर. हा आकडा पुढल्या फेरीलाही कामाला येतो, ९.२ येत नाही. अ‍ॅपमध्ये ही सोय नाही, वही ठेवा. गाळामुळे खड्डा दरवर्षी भरतो आणि कडा ढासळतात, तेव्हा पावसाळ्यानंतर पुन्हा मोजा.

खड्डा सापडला की लोक तळाशी गळ सोडतात. उन्हाळ्यात ते वाया जातं. उजनीच्या पाण्यात सेंद्रिय गाळ भरपूर. खोल खड्ड्याच्या तळाशी तो कुजतो आणि प्राणवायू उरत नाही. चिलापी, रोहू, शिंगटा कडेवर किंवा उताराच्या वरच्या भागात सापडतात. त्याच काळ्या गाळातून वायूचे बुडबुडे उठतात आणि अ‍ॅप त्यांना मासे समजून चित्रं काढतं. माशांची चित्रं बंद करून कच्चा पडसाद बघायची सवय लावा: बुडबुड्याची रेघ तळातून तिरकी वर चढते, माशाची कमानदार किंवा आडवी असते.

सोनारने खड्डे दिसतात म्हणून पाण्यात उतरून शोधू नका, वाळूची कड पायाखालून सुटते. होडीतून जाणार असाल तर सकाळीच जा आणि लाइफ जॅकेट घालूनच. मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशीदरम्यान वादळी वाऱ्याने बोट उलटून सहा जण गेले. मासेमारीच्या परवानगीची चौकशी आधी करा आणि जाळ्यांच्या बाटल्यांची ओळ दिसली की तिच्यापासून दूर राहा; गोळा जाळ्यात गेला तर जाळं कापावं लागतं, आणि ते जाळं दुसऱ्याच्या पोटाचं असतं.

बॅटरी नवी असताना साडेपाच तास चालत होती, आता साडेचारच्या आसपास. गोळ्याचे धातूचे टोक ओले झाले की यंत्र आपोआप सुरू होतं, म्हणून ओल्या कापडात गुंडाळून ठेवलं तर घरी पोहोचेपर्यंत बॅटरी संपलेली असते. बाहेर काढल्याबरोबर कोरडं पुसा. आणि जलपर्णी दिसली तिथे फेकूच नका. मुळांत अडकलेला गोळा ओढताना पहिली सुटते ती दोरीची गाठ.