एका हाडाचा माग धरून पाहावे असे दालन

पॅरिसच्या जार्दें दे प्लांत या उद्यानात प्राणिसृष्टीविषयीची दोन मोठी दालने आहेत. त्यांतील उत्क्रांतीचे भव्य दालन पेंढा भरलेले प्राणी आणि देखणी प्रकाशयोजना यांमुळे अधिक लोकप्रिय आहे आणि लहान मुलांना तेच आवडेल. परंतु पृष्ठवंशी प्राण्यांचे शरीर कसे घडले हे ज्याला खरोखर समजून घ्यायचे आहे, त्याने ऑस्टरलिट्झ स्थानकाच्या बाजूला असलेले पुराजीवशास्त्र आणि तुलनात्मक शरीररचनेचे दालन आधी गाठावे. फेर्दिनां द्यूतेर या वास्तुरचनाकाराने विटा, दगड आणि लोखंड वापरून उभारलेली ही इमारत १८९८ मध्ये खुली झाली.

प्रवेशापाशी एमानुएल फ्रेमिए याचे शिल्प आहे. त्यात एक ओरांगउटान बोर्निओच्या रहिवाशाचा गळा आवळताना दाखवला आहे. वसाहतकाळातील अहंकाराचा नमुना म्हणून त्याची नोंद घ्यावी आणि पुढे सरकावे. आत तळमजल्यावर सुमारे एक हजार सांगाडे आहेत. बहुतेक सर्व प्रवेशद्वाराकडे तोंड करून उभे आहेत आणि त्यांच्या अग्रभागी, हात उंचावलेला, कातडी सोललेल्या माणसाचा पुतळा आहे. पहिल्या दर्शनात डोळे दिपतात खरे, पण एकामागून एक पाटी वाचत निघालेला माणूस अर्ध्या तासात थकतो. माझ्या मते येथे एकच हाड निवडावे आणि ते साऱ्या गर्दीतून शोधत जावे.

मानेपासून सुरुवात करणे सोयीचे. जिराफाच्या मानेत सात मणके असतात, माणसाच्या मानेत सात आणि देवमाशाच्या मानेतही सातच. फरक एवढाच की जिराफाचा एकेक मणका लांबलचक झाला आहे, तर देवमाशाचे मणके चकत्यांसारखे दबून एकमेकांना भिडले आहेत. झाडांवर लटकणारा स्लॉथ आणि पाण्यात राहणारा मॅनेटी हे सस्तन प्राण्यांच्या या नियमाचे अपवाद. नव्याने आराखडा काढायचा असता तर कोणी जिराफाला सातच मणक्यांवर भागवायला लावले नसते. त्यानंतर पुढचा पाय पाहावा. घोड्याचा ज्याला आपण गुडघा म्हणतो, तो वास्तविक मनगटाचा सांधा आहे आणि घोडा एकाच, मधल्या बोटाच्या नखावर उभा असतो. वटवाघळात तीच बोटे लांबून पंखाचा सांगाडा झाली आहेत. कासवापाशी मात्र अवश्य रेंगाळावे, कारण इतर प्राण्यांत बरगड्यांच्या बाहेर असणारे खांद्याचे हाड येथे बरगड्यांच्या पिंजऱ्याच्या आत गेले आहे, आणि हे चित्रातून कितीही समजावले तरी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पटत नाही.

दालनाची मर्यादाही याच मजल्यावर जाणवते. या संग्रहाचा पाया घालणारा जॉर्ज क्यूव्हिए उत्क्रांती मानत नव्हता. प्राण्याचे सर्व अवयव परस्परांशी इतके बांधलेले असतात की एक बदलला तर सारा प्राणी जगू शकणार नाही, असे त्याचे मत होते. याच प्रश्नांच्या अनुषंगाने १८३० मध्ये प्राणिशास्त्रज्ञ जॉफ्रुआ सेंत-इलेर याच्याशी त्याचा गाजलेला वाद झाला. तळमजल्याच्या मांडणीवर त्या दृष्टीची छाप आहे: साम्य दिसते, वंशवृक्ष दिसत नाही. देवमाशाच्या पाठीच्या कण्याला न जोडलेली कटीची इवलीशी हाडे ही चालणाऱ्या पूर्वजांची खूण आहे, हे प्रेक्षकाने स्वतः जाणून यावे लागते. त्या पूर्वजांचा पुरावा, योगायोगाने, आपल्याच उपखंडातून आला. कच्छमध्ये आद्य देवमाशांचे जीवाश्म मिळाले, तर जम्मू-काश्मीरच्या राजौरी भागातील सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीच्या इंडोह्युस या छोट्या खुरवाल्या प्राण्याचे देवमाशांशी असलेले नाते २००७ मध्ये मांडले गेले. हे वाचून गेलात तर तिकिटाचे पैसे दुपटीने वसूल होतात.

भारतीय पाहुण्याने आणखी एक सांगाडा चुकवू नये. बंगालमधील चंद्रनगरच्या फ्रेंच गव्हर्नराने पंधराव्या लुईसाठी पाठवलेला भारतीय गेंडा १७७० मध्ये फ्रान्सला पोहोचला, व्हर्सायच्या प्राणिसंग्रहात राहिला आणि १७९३ मध्ये मेला. त्याची हाडे येथे आहेत. कातडे मात्र भव्य दालनात पेंढा भरून ठेवले आहे.

पहिल्या मजल्यावरचे जीवाश्म उत्क्रांती मानणाऱ्या आल्बेर गोद्री या पुराजीवशास्त्रज्ञाने कालक्रमाने लावले, त्यामुळे तेथे कथा आपोआप पुढे सरकते. डिप्लोडोकस या डायनासोरभोवती गर्दी असते, पण ती अमेरिकेहून १९०८ मध्ये भेट आलेली, साच्यातून घडवलेली प्रतिकृती आहे. त्यापेक्षा मोसासॉरसचा जबडा पाहावा: १७९४ मध्ये आजच्या नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट शहर जिंकल्यावर फ्रेंच सैन्याने तो हस्तगत केला आणि तो एका अवाढव्य सागरी सरड्याचा असल्याचे क्यूव्हिएने दाखवून दिले. जुन्या पाट्या फ्रेंच आणि लॅटिनमध्ये असल्याने भ्रमणध्वनीवर भाषांतराची सोय असलेली बरी. मंगळवारी दालन बंद असते. सर्वांत वरच्या सज्जातील अपृष्ठवंशी जीवांचे जीवाश्म वेळ उरला तरच पाहावेत.