मल्टिकास्टचं कुंपण: टीटीएल की पत्त्यांचे झोन?

समजा एका संस्थेचा मुख्य कॅम्पस कोल्हापुरात राजारामपुरीत आहे आणि दुसरी इमारत कसबा बावड्यात. व्हिडिओ मल्टिकास्टनं जातो, म्हणजे एका ग्रुपच्या पत्त्यावर एकदाच पाठवला की त्या ग्रुपमधल्या सगळ्यांना मिळतो. राजारामपुरीतल्या वर्गाचा व्हिडिओ तिथंच राहावा, मुख्य सभागृहातलं भाषण मात्र दोन्हीकडे दिसावं.

जुना मार्ग टीटीएलचा (टाइम टू लिव्ह), म्हणजे पाठवणाऱ्यानं पॅकेटवर लिहिलेल्या आयुष्याच्या आकड्याचा. प्रत्येक राउटरवर हा आकडा एकनं घटतो आणि सीमेवरच्या ठरलेल्या उंबरठ्याहून तो मोठा नसेल, तर पॅकेट तिथंच टाकलं जातं. एमबोनच्या (इंटरनेटवरचं जुनं प्रायोगिक मल्टिकास्ट जाळं) काळात संस्थेपुरतं ३२, खंडापुरतं १२८ असे संकेत रूढ होते. मांडायला सोपं, पण सगळी मदार पाठवणाऱ्यावर. कुणी १२८ लिहिलं की कुंपण संपलंच. त्याहून मोठी अडचण प्रूनिंगची, म्हणजे नको असलेला प्रवाह वरच्या राउटरकडून थांबवून घेण्याची: टीटीएल कमी पडल्यानं पॅकेट टाकणारा राउटर वरच्याला ‘हा ग्रुप पाठवू नकोस’ असं सांगू शकत नाही, कारण त्याच ग्रुपचं मोठ्या टीटीएलचं पॅकेट पुढं जायचं असू शकतं. मग लिंक उगाच भरत राहते.

१९९८ च्या आरएफसी २३६५ नं (इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचा एक दस्तऐवज) ग्रुपच्या पत्त्यालाच हद्द दिली. २३९.२५५.०.०/१६ ही पत्त्यांची रेंज स्थानिक झोनसाठी (इथं वर्गाचा व्हिडिओ), २३९.१९२.०.०/१४ संपूर्ण संस्थेसाठी (इथं सभागृहातलं भाषण). झोनच्या सीमेवरचा राउटर त्या झोनची रेंज आतबाहेर, दोन्ही दिशांना अडवतो. त्यामुळं बावड्यात तोच पत्ता बिनधास्त पुन्हा वापरता येतो. मात्र एकाच पातळीचे दोन झोन एकमेकांवर चढता कामा नयेत आणि सीमेवरचा एकही इंटरफेस (राउटरची जोडणी) सुटता कामा नये. बॅकअप लिंक हमखास विसरली जाते.

मी झोनच निवडेन. टीटीएल वर्गातल्या छोट्या प्रयोगापुरता ठीक.