बेल्टची चिवचिव आणि २२,४६० चं बिल

गाडीच्या इंजिनातला आवाज घालवायला गॅरेजने लावलेलं हे बिल. आधी आकडे, कारण तेच डोक्यातून जात नाहीत. अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) १४,२००, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) ३,६५०, बेल्ट (इंजिनच्या जोरावर अल्टरनेटर वगैरे फिरवणारा पट्टा) १,८९०, मजुरी २,४००, किरकोळ साहित्य ३२०. एकूण २२,४६०. आणि खरा आजार? आयडलर पुलीचं, म्हणजे बेल्टला वाट दाखवणाऱ्या चाकाचं, बेअरिंग. पुली ७८०, मजुरी ४००, संपलं.

गाडी सकाळी चालू केली की बोनेटखालून चिमणीसारखी चिवचिव यायची. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, स्पष्ट, एका लयीत. गॅरेजवाल्याने बोनेट उघडलं, कान तिरका केला आणि निकाल दिला, "साहेब, अल्टरनेटरचं बेअरिंग गेलंय. आज ना उद्या जाम होईल, बेल्ट तुटेल, भर रस्त्यात अडकाल." बेल्ट काढून पाहिला नाही, पुली हाताने फिरवली नाही. घरची मंडळी सोबत घेऊन लांब जायचं असताना हे ऐकून कोण वाद घालेल? मी मेकॅनिक नाही. ज्याला कळतं त्याच्याकडेच आपण जातो ना?

आता ज्या क्षणाची चीड येते तो सांगतो. संध्याकाळी गाडी घ्यायला गेलो तर इंजिन चालू, आवाज बंद, आणि गॅरेजच्या पोराच्या हातात स्प्रेचा डबा. बेल्टवर ओलसर चकाकी, शेजारच्या कव्हरवर चिकट शिंतोडे. "हे काय रे?" "क्लीनर आहे साहेब, बेल्ट साफ करतोय." अरे, तासाभरापूर्वी बसवलेला कोरा बेल्ट साफ कशाला करायचा? तो बेल्ट ड्रेसिंगचा स्प्रे होता. बेल्टला तात्पुरती पकड येते, आवाज दबतो, रोग जागच्या जागी. पण समोर इंजिन शांत, मालक हसतोय, मागे दुसरा गिऱ्हाईक हॉर्न वाजवतोय, त्यात कोणाच्या डोक्यात हे येणार! त्या स्प्रेचेच ३२० लावले असणार, याचा तर वेगळाच संताप.

जुने पार्ट मागितले तर म्हणे, "ते कंपनीला परत जातात." हे वाक्य ऐकलं की पैसे खिशातच ठेवा.

आठवडा उलटायच्या आत चिवचिव परत. दुसऱ्या एका जुन्या मिस्त्रीने चालू इंजिनवर बेल्टच्या खाचांच्या बाजूला पाण्याचा फवारा मारला. आवाज क्षणभर गेला आणि परत आला. म्हणजे पुली रेषेत नाही. पाण्याने आवाज वाढला असता तर बेल्ट घसरतोय, ताण कमी आहे, असं धरायचं. मग बेल्ट काढून इंजिन अर्धा मिनिट चालवलं, आवाज गायब. म्हणजे दोष इंजिनच्या आत नाही, बेल्टवर फिरणाऱ्या भागांतच. (बेल्ट काढून फार वेळ चालवू नका, वॉटर पंप त्यावरच असेल तर इंजिन तापतं.) एकेक पुली हाताने हलवली. आयडलर डुगडुगत होती, म्हणून बेल्ट तिरका चालत होता. अल्टरनेटरचं बेअरिंग गेलं की बहुधा घरघर येते, ती वेगाबरोबर चढते. चिवचिव वेगळी. हे त्या हुशाराला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं.

आणि "नवा" अल्टरनेटर? कनेक्टरजवळच्या वायरवर मीच पूर्वी गुंडाळलेली निळी टेप तशीच, कडेचा जुना ओरखडाही तसाच. बाहेरून पुसून काढलेला माझाच अल्टरनेटर मला विकला. टेन्शनरही जुनाच. नवा फक्त बेल्ट.

तक्रारीचं तर विचारूच नका. चौकीत म्हणाले, "बिल दिलंय ना? मग फसवणूक कशी? हा दिवाणी मामला." बिलावर न बसवलेला पार्ट लिहिणं फसवणूक नाही, तर फसवणूक म्हणजे काय? ग्राहक तक्रार कक्षात फोन केला तर तज्ज्ञाचा लेखी अहवाल आणा. कोणता मिस्त्री दुसऱ्या गॅरेजविरुद्ध सही करून देईल? माझ्या मिस्त्रीने हात जोडले. फोटो पाठवले, तर फोटो कधीचे याचा पुरावा द्या. मग एक दिवस मेसेज, "आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली." समाधान कोणाचं झालं, विचारायला फोन केला तर नवीन तक्रार नोंदवा म्हणे, पुन्हा पहिल्यापासून. गाडीच्या कंपनीने हात वर केले, कारण गॅरेज त्यांचं नाही. बिल मात्र सगळे नीट बघतात आणि "बरोबर दिसतंय" म्हणतात.

पार्ट काढायच्या आधी लेबलचा, नंबरचा फोटो काढा, मार्करने बारीक खूण करा. जुना पार्ट गाडीच्या डिकीत आल्याशिवाय पैसे नाहीत. एसी लावल्यावर किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर किंचाळी वाढते का, ते स्वतः ऐकून ठेवा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा. बेल्ट न काढता कोणी बेअरिंगचं नाव घेतलं तर किल्ली परत मागा. गाडी ताब्यात घेताना बेल्ट ओला, चकचकीत दिसला तर तिथेच थांबा, रात्रभर गाडी तिथेच राहू द्या, सकाळी थंड इंजिन स्वतः चालू करा आणि मगच बिलाला हात लावा.