विसरदिवा: आठ महिने वापरल्यानंतर (आणि त्या दहा चौकटींवरचा राग)

डंजन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकत, पात्रं वठवत खेळायचा खेळ) खेळताना परवाच्या सेशनला आमच्या रॉगने, म्हणजे चोराचं पात्र खेळणारीने, पात्राच्या बहिणीचं नाव कॅरेक्टर शीटवरून खोडलं. पेनाने. टेबलावर कुणीच काही बोललं नाही. आठ महिन्यांत पहिल्यांदा वाटलं की हा दिवा पेटला बुवा. एरवी हा रिव्ह्यू मी निव्वळ वैतागून लिहिणार होतो.

खेळ चालवणारा मी, आणि विसरदिवा ही मी स्वतः रचलेली खेळातली जादूची वस्तू. कॅम्पेन (सेशनमागून सेशन चालणारी गोष्ट) डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या नियमांवर. दिवा पेटवला की दडलेलं सगळं दिसतं आणि बदल्यात तो वापरणाऱ्याला आतून पोखरतो, एवढीच कल्पना. पहिल्या फेरीत मी त्याला सरळ शापित वस्तू केलं. पार्टी (पात्रांचा गट) पाचव्या लेव्हलला पोचली, क्लेरिकला (पुजारी पात्राला) रिमूव्ह कर्स हे शापावरचं स्पेल मिळालं, त्याने एक स्लॉट (स्पेल टाकायची एक संधी) खर्चून अट्यूनमेंट (वस्तूशी जुळलेलं बंधन) तोडली आणि विचारलं, "पुढे?" तीन आठवडे लिहिलेला दुष्टपणा एका वाक्यात संपला. चूक माझीच. मग ठरवलं की हा शाप नाहीच, सौदा आहे. सौद्याला रिमूव्ह कर्स लागू होत नाही.

आता त्या चौकटी. दर वापराला विस्डम सेव्ह, डीसी १५: वीस बाजूंचा फासा टाकायचा, पात्राचा बोनस मिळवायचा, बेरीज किमान १५ हवी. हुकला की एक डाग. दहा डाग झाले की कॅरेक्टर माझ्या ताब्यात. दहा चौकटींचं कार्ड बनवलं आणि वर लॅमिनेटही करून घेतलं. लॅमिनेशनचे पैसे अजून डोक्यात आहेत. रॉगचा बोनस फक्त +१, म्हणजे १४ किंवा वर पडायला हवं, म्हणजे दर वेळी ६५% डाग. तिने तिथल्या तिथे हिशेब केला: साधारण १५ वेळा वापरता येईल. नवव्या डागाला दिवा पिशवीत गेला तो गेलाच. दोन महिने बाहेर नाही. भ्रष्ट करणारी वस्तू मी मोबाइलच्या डेटा पॅकसारखी बनवली होती, आणि रॉग ती काटकसरीने वापरत होती. मीही तेच केलं असतं.

तेव्हा मला वाटलं, भीती कमी पडतेय. डीसी १८ करायला निघालो होतो. वेक्नाचा डोळा (याच खेळातली एक दुष्ट जादूची वस्तू) आठवला: त्यातून स्पेल टाकला की दर वेळी आत्मा गिळला जाण्याची ५% शक्यता. ऐकायला किरकोळ, पण चौदा वापरांत ती निम्म्याच्या वर जाते. तरी खेळाडू मोजतोच. फाशावर टांगलेली शिक्षा म्हणजे विमा, मोह नव्हे. हे मला पाचव्या महिन्यात कळलं, आणि त्याआधी दोघांशी यावरून तावातावाने भांडलोही होतो.

आता सेव्ह नाही, चौकटी नाहीत. फासा पडून गेल्यावर, वार हुकल्यावर, मी फक्त विचारतो: "दिवा लावायचाय?" हो म्हटलं की हुकलेला वार लागला असं धरायचं, आणि बॅकस्टोरीतली (शीटवर लिहिलेल्या पात्राच्या पूर्वायुष्यातली) एक ओळ जाळायची, म्हणजे खोडायची. कोणती, ते तिनेच ठरवायचं. ओळ गेली की ती आठवण कॅरेक्टरला नाही. मी कॅरेक्टर ताब्यात घेत नाही, घ्यायची गरजच पडत नाही. आधी गाव गेलं, मग गुरू, मग एका मित्राला दिलेलं वचन. वचन गेल्यावर तिने त्या मित्राला सहज विकून टाकलं, कारण तिच्या लेखी तो अनोळखीच होता.

तक्रार एकच उरते: ज्याची बॅकस्टोरी तीन ओळींची, त्याच्या हातात हा दिवा देऊ नका. आमच्या बार्बेरियनने दुसऱ्याच सेशनला सगळं जाळून झाल्याचं जाहीर केलं आणि हसत बसला.

काल रात्री रॉगचा मेसेज आला: "माझ्याकडे तीनच ओळी उरल्यात. दुसऱ्याच्या शीटवरची जाळता येते का?" मी अजून उत्तर दिलेलं नाही. क्लेरिकलाही सांगितलेलं नाही.